मॉर्फिन कुठं मिळेना, शेवटी इथं मिळालं (पेलिएटिव्ह केअर, म्हणजे मोठ्या आजारातलं दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांची ओपीडी, साडेतीन स्टार)

आत्याचा कॅन्सर मणक्यात उतरलाय. ट्रामाडॉल या दुखण्याच्या गोळीनं भागेना म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिनच्या (अफूपासून बनतं, त्याहून कडक दुखण्याचं औषध) १० एमजीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मी चिठ्ठी घेऊन निघालो. चार मेडिकल पालथी घातली. एकानं चिठ्ठी हातातसुद्धा घेतली नाही, दुसरा म्हणाला ते लफडं आपण ठेवतच नाय, तिसऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चौथा भला निघाला, म्हणाला कॅन्सरवाल्या हॉस्पिटलच्या पेलिएटिव्हला जा, बाहेर हिंडून चप्पल झिजेल फक्त. हा रिव्ह्यू त्या ओपीडीचा. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रार पण आहे आणि आत्याचं अजून तिथंच चालू आहे.

आत गेल्या गेल्या आत्यानं डॉक्टरांना विचारलं, "मला गर्दुल्ली करताय काय?" मॅडम हसल्या नाहीत, खुर्ची पुढं ओढून बसल्या आणि वीस मिनिटं बोलल्या. दुखण्यासाठी मापात, वेळेवर घेतलेली गोळी वेगळी आणि नशा वेगळी, घाबरायचं नाही. गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. सकाळी सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला डबल, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, मग बसेल. पोट मात्र साफ होणार नाही, त्याची गोळी पहिल्या दिवसापासूनच सुरू. आम्ही घरी इसबगोल द्यायचो तर सिस्टर म्हणाल्या ते बंद करा, त्यानं अजून गच्च होईल. हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं हो!

औषधाच्या खिडकीवर मात्र बँकेच्या लॉकरसारखा कारभार. कपाटाला दोन कुलपं, रजिस्टर, गोळ्या आपल्यासमोर मोजायच्या, सही करायची, मागच्या रिकाम्या स्ट्रिपा परत द्यायच्या. वैताग येतो पण चूक त्यांची नाय. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांचा कायदा गर्द पकडायला आला आणि सोबत मॉर्फिनचीही मानगूट धरली, हॉस्पिटलला वेगवेगळ्या खात्यांची चार-पाच लायसन्स लागायची, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरं हातात पडायचं नाही. २०१४ ला दुरुस्ती झाली, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन वगैरे सहा औषधं वेगळी काढली आणि मान्यताप्राप्त हॉस्पिटलला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी केली. कागदावर सुटसुटीत झालं. पण पिढ्यानपिढ्या बसलेली भीती एका दुरुस्तीनं जाते काय? त्यात गोळी स्वस्त, मार्जिन नाही, मग दुकानदार कशाला रजिस्टर लिहीत बसेल. आणि गंमत बघा, शेजारी मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडं सरकारी परवान्यावर अफूचं पीक घेतात, नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे, त्यातला काही माल परदेशी औषध कंपन्यांना जातो आणि इथं माझी आत्या रात्रभर कण्हत भिंतीला टेकून बसलेली. केरळवाल्यांनी १९९३ पासून कालिकतहून हे पेलिएटिव्हचं काम गावोगाव नेलं, आपल्याकडं अजून शहरात आलात तरच.

आता तक्रार. गोळ्या दोनच आठवड्यांच्या देतात आणि शनिवारी दुपारनंतर खिडकी बंद. आम्ही एकदा शनिवारी दीडला पोचलो, कुलूप! रविवार कसा काढला ते आम्हालाच माहीत. फोन तर कधी उचलतच नाहीत. दीड स्टार त्याचाच कापलाय.

बाकी पाचव्या दिवशी आत्या डाव्या कुशीवर झोपली, चार महिन्यांनी. सकाळी स्वतःच्या हातानं वेणी घातली आणि मला म्हणाली चहात साखर कमी पडलीय.

जाणार असाल तर पेशंटचं आधार, बायॉप्सीचा रिपोर्ट न्या, चिठ्ठीची झेरॉक्स गोळ्यांसोबत पिशवीतच ठेवा, आणि रिकाम्या स्ट्रिपा फेकू नका. आम्ही पहिल्या वेळी फेकल्या, मग कचऱ्याची बादली अंगणात उपडी करून एकेक शोधली.