दहा सिटिंगचं पॅकेज घ्यावं की वन-टू-वन फिजिओ? दोन्ही करून झाल्यावरचं माझं मत

वर्षभरात चार ओळखीच्यांनी मला हाच प्रश्न विचारलाय, त्यामुळे आता एकदाच नीट लिहून टाकते. मी डॉक्टर नाही. पुण्यात राहते, वय ४४, आठवड्यातून तीनदा पळते, महिन्यातून एकदोनदा सिंहगड, आणि मागच्या पावसाळ्यात उजव्या टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस (रक्ताची शीर नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर), अशी धरली की सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकताना भिंतीला हात लावायला लागायचा. आधी घराजवळच्या क्लिनिकमध्ये दहा सिटिंग केली, नंतर वन-टू-वन, म्हणजे एका वेळी एकच पेशंट बघणाऱ्या फिजिओकडे गेले. नवीन दुखण्यासाठी कुणी निर्णय घेत असेल तर त्याला उपयोग व्हावा एवढ्यासाठी हे.

नेहमीचं क्लिनिक कसं असतं ते बहुतेकांना माहीतच आहे. एक हॉल, पडदे लावलेले पाचसहा बेड, एक फिजिओ आणि एकदोन असिस्टंट. गेलं की पालथं झोपायचं, पोटरीला पॅड चिकटवून आयएफटी (सौम्य विजेचा प्रवाह देणारं मशीन) लावतात, पंधरा मिनिटं मुंग्या येतात, मशीनची टिंग वाजली की कुणीतरी येऊन पॅड काढतं, मग जेल लावून अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, दुखऱ्या भागावर ध्वनिलहरी सोडणारं मशीन), मग शेक, आणि शेवटी भिंतीवरच्या चार्टमधले दोनतीन स्ट्रेच. तिथली फिजिओ मुलगी खरंच चांगली होती, हात हलका होता, पण एका वेळी पाच पेशंट सांभाळत होती, त्यामुळे माझ्या वाट्याला ती धरून चालून सात-आठ मिनिटं यायची. दहा दिवस छान वाटलं. अकराव्या दिवशी तळजाई टेकडीवर तीन किलोमीटर पळाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत भिंत.

वन-टू-वनला पहिल्या दिवशी मशीन लागलंच नाही. पाऊण तास मॅडम नुसत्या विचारत होत्या, कधीपासून, बूट कधी बदलले, आठवड्याला किती किलोमीटर व्हायचे आणि ते कधी वाढवले, बसून काम किती, झोप किती, पाळी नियमित आहे का (हे विचारल्याचं मला नवल वाटलं होतं, पण चाळिशीनंतर शिरा आणि स्नायूंवर हार्मोन्सचा परिणाम होतो असं त्यांनी सांगितलं). मग म्हणाल्या, "ताई, भिंतीला बोटं टेकवा आणि एका पायावर टाच उचला, जमेल तेवढ्या वेळा, मी मोजते." त्या मागे उकिडव्या बसून मोबाईलवर शूट करत होत्या. डावा पाय सव्वीस. उजवा अकरा, आणि त्यातल्या शेवटच्या चारपाच वेळा टाच अर्धीच वर येत होती आणि मी गुडघा वाकवून चोरी करत होते, ते मला व्हिडिओत दाखवलं तेव्हा कळलं. माझी पोटरी किती कमजोर झालीये हे क्लिनिकच्या त्या दहा दिवसांत कुणी मोजलंच नव्हतं. मोजायला वेळच नव्हता कुणाला.

माझ्या मते खरा फरक इथे आहे, एसी रूम आणि गोड बोलण्यात नाही.

आता मशीनबद्दल, कारण पॅकेजचा बराचसा वेळ आणि पैसा तिथेच जातो. शेक किंवा आयएफटीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं हे खरंय, आणि दुखणं फार असेल तर तेवढा आराम मिळणं हेही काही कमी नाही. पण त्याने शीर मजबूत होत नाही. इंग्लंडमध्ये उपचारांच्या गाइडलाइन काढणारी नाइस नावाची सरकारी संस्था आहे, त्यांनी २०१६ साली कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, टेन्स (हेही विजेचंच मशीन) आणि आयएफटी देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि आपल्याकडे कंबर धरली की सगळ्यात आधी हेच तीन लागतात. शेवटी काय, तुमच्या एका तासातली चाळीस मिनिटं मशीन खात असेल तर व्यायाम बघायला, सुधारायला वीसच उरतात, आणि तीही पाच जणांत वाटून.

टाचेच्या बाबतीत तर दहा दिवसांचा हिशोबच जुळत नाही. शीर हळू बदलते, तिला महिने लागतात. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या ऑर्थोपेडिक सर्जनने १९९८ मध्ये पंधरा हौशी पळणाऱ्यांवर जो प्रयोग केला त्यात पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन सेट, गुडघा थोडा वाकवून पंधराचे तीन सेट, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा, आणि हे बारा आठवडे. सगळे परत पळायला लागले. पुढे २०१५ च्या एका अभ्यासात आठवड्यातून तीनदाच पण जड वजन घेऊन हळू केलं तरी तितकाच फायदा होतो असं दिसलं, मला मॅडमनी हेच दिलं कारण नोकरी आणि घर सांभाळून रोज दोनदा होणार नाही हे त्यांनी विचारून घेतलं होतं. सोसायटीच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर मी मुलाच्या जुन्या दप्तरात आधी एक पाच किलोची तांदळाची पिशवी, मग दोन, अशा घालून टाचा उचलायचे. दुखलं तरी चालेल, पण दहापैकी पाचच्या वर नको आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आधीसारखं झालं पाहिजे, नाही झालं तर वजन कमी करायचं, हा नियम. एक सांगायचं राहिलं, शीर जिथे टाचेच्या हाडाला चिकटते नेमकं तिथेच दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नसते, सपाट जमिनीवरच करायचं असतं. यूट्यूब बघून करणारे इथेच फसतात, आणि हॉलमध्ये चार्टवरून करणारेसुद्धा.

पैशांचं बोलू. माझ्या क्लिनिकमध्ये एका सिटिंगचे ४०० होते, दहाचे चार हजार. वन-टू-वनला पहिल्या वेळी १५०० आणि नंतर १२०० प्रत्येकी. ऐकताना तिप्पट वाटतं. पण मी चार महिन्यांत फक्त सात वेळा गेले, आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, शेवटी महिन्याने, मधलं सगळं घरी. म्हणजे ८७००. चार हजारांपेक्षा जास्तच, ते लपवत नाही. पण पॅकेज संपल्यावर मला दुसरं पॅकेज घ्या असं सुचवलं होतं आणि ते घेतलं असतं तर खर्च जवळपास तिथेच आला असता, शिवाय रोज ऑफिसनंतर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून जाणंयेणं वेगळं. मेडिक्लेममध्ये यातलं सहसा काही मिळत नाही, ओपीडीचं कव्हर वेगळं घेतलं असेल किंवा ऑपरेशननंतरच्या ठरावीक दिवसांतला खर्च असेल तरच, त्यामुळे पॉलिसी आधी वाचा.

पण प्रत्येकाला वन-टू-वनच लागतं असं मी म्हणणार नाही. शेजारच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना घरी येणारा फिजिओच बरोबर होता, पहिले काही आठवडे जिना उतरून रिक्षात बसणं हाच मोठा उपद्व्याप असतो, आणि घरातलाच पलंग, घरातलंच बाथरूम बघून तो शिकवतो हा मोठा फायदा. पैसे कमी असतील तर सरकारी हॉस्पिटल किंवा फिजिओथेरपी कॉलेजची ओपीडी जरूर बघा, थांबावं लागतं, पण फी अगदी कमी, आणि शिकणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली इतकं बारकाईने तपासतात की काही ठिकाणी प्रायव्हेटपेक्षा जास्त वेळ मिळतो. साधी मान आखडली, कंबर लचकली, तर बहुतेक वेळा हालचाल चालू ठेवून काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्याला दहा सिटिंगही नको आणि १५०० रुपयेही नकोत. आणि काही माणसांना रोज कुठेतरी गेल्याशिवाय व्यायाम होतच नाही, माझे मोठे दीर तसेच आहेत, त्यांना क्लिनिकची शिस्त लागू पडली आणि खांदा मोकळा झाला. वन-टू-वनमध्ये घरी तुम्ही केलंत तरच पैसे वसूल, हे आधी मनाशी ठरवा.

जिथे मी अजिबात तडजोड करणार नाही ती गोष्ट म्हणजे एसीएल, गुडघ्याच्या आतला हाडं जोडून ठेवणारा एक पट्टा, म्हणजे लिगामेंट. भाच्याचं फुटबॉल खेळताना हेच लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, चौथ्या महिन्यात दुखणं गेलं, चालणं नॉर्मल, क्लिनिकमधली सिटिंग संपली आणि हा टर्फवर जायला तयार. गुडघा दुखत नाही म्हणजे तयार झाला असं नसतं. नऊ महिन्यांच्या आत खेळात परत गेलं तर परत दुखापतीचा धोका बराच जास्त असतो, आणि नऊ महिने झाले तरी ऑपरेशनच्या पायाची ताकद, एका पायावरच्या उड्या हे सगळं चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आलंय का ते मोजून बघावं लागतं. हा शेवटचा टप्पा, उडी मारून उतरणं, एकदम वळणं, हे हॉलमधल्या दोन बेडच्या मधल्या जागेत होऊच शकत नाही. त्याला वन-टू-वनला पाठवलं, आत्ता सातवा महिना चालू आहे, धीर धरवत नाहीये त्याला पण धरतोय.

एक मात्र लक्षात ठेवा, बोर्डवर वन-टू-वन लिहिलं म्हणजे झालं असं नाही. मैत्रीण एका ठिकाणी दीड हजार देऊन गेली, स्वतंत्र खोली होती, आणि त्या स्वतंत्र खोलीत तिला चाळीस मिनिटं मशीन लावून एकटीला ठेवलं. म्हणून फोनवरच विचारा. एका तासात फिजिओ स्वतः किती मिनिटं माझ्यासोबत असेल? दर वेळी तीच व्यक्ती असेल का? पहिल्या दिवशी काय काय मोजणार आणि परत कधी मोजणार? बीपीटी किंवा एमपीटी (फिजिओथेरपीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) आहे का, राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का? मला सिंहगड चढायचाय किंवा हाफ मॅरेथॉन करायचीये असं सांगितल्यावर समोरचा माणूस "आता वय झालं, पळणं सोडा" म्हणाला तर मी तरी तिथे जाणार नाही. आणि बघायच्या आधीच वीस सिटिंगचे पैसे भरा म्हणाले तरीही नाही.

फिजिओच्या आधी थेट डॉक्टर गाठायचे प्रसंगही आहेत. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचलताच न येणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं आणि सोबत ताप किंवा वजन घटणं, एकच पोटरी सुजून गरम होणं, किंवा टाचेमागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटून, आवाज होऊन पाय लुळा पडणं. यात एक दिवसही थांबू नका.

माझा उजवा पाय आता एका दमात चोवीस वेळा उचलतो, डावा अजून दोनने पुढे आहे. तांदळाची पिशवी दप्तरातच आहे, मंगळवार, गुरुवार, शनिवार, जिन्याची तीच पायरी.