हरल्यावर खायची मिसळ, नौपाडा

आधीच सांगून टाकते. या ठिकाणी मी गेल्या चार वर्षांत नऊ-दहा वेळा मिसळ खाल्ली आणि कालची सोडली तर दर वेळी आमची टीम त्याच दिवशी हरलेली होती. तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमची टीम म्हणजे ठाण्यातल्या एका कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला मी त्याच कॉलेजकडून खेळायचे. २०-२० मिनिटांचे दोन हाफ असायचे आणि मुलींनाही पुरुषांचाच सात नंबरचा बॉल. आता बहिणीची मुलगी तिथे शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून पुन्हा मॅचेसना जाणं सुरू झालं. आम्ही चौघं ठरलेलेच: मी, बहीण, माझ्या वेळची, रिंगखाली खेळणारी आमची सेंटर (गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तरी येते) आणि मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले आमचे पीटीचे सर. निवृत्त झाले, पण कुठेही मॅच असली की आधी स्कोअरर्सच्या टेबलामागे जाऊन शीट नीट भरतायत का ते बघून येतात.

ठिकाणाचं नाव लिहीत नाही. मालक काकांनीच हात जोडलेत. मागे कुणीतरी रील टाकलं, दोन रविवार गल्लीत रांग लागली, साडेअकरालाच रस्सा संपला आणि रोजची गिऱ्हाइकं तशीच परत गेली. रांग लावून खायची तर मामलेदार आहेच, ते काही मी सांगायला नको. हे त्याच्यासमोर काहीच नाही: सहा टेबलं, एक पंखा, कोपऱ्यात बेसिन, दारात तुळस. राम मारुती रोडवरून घंटाळीच्या अंगाला वळलात आणि पिठाच्या गिरणीचा वास आला की मान वर करून बघा. यापेक्षा जास्त सांगितलं तर काका मला पुढच्या वेळी पाव देणार नाहीत.

परवाची मॅच नेरुळला होती, त्यांच्या कोर्टवर. आम्ही ५३–५२ ने हरलो. एका पॉइंटने. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही ४१–३० ने पुढे होतो आणि बहिणीने घरी मेसेजसुद्धा करून टाकला होता, आज पुरणपोळीची डाळ भिजत घाल म्हणून. असले मेसेज करू नयेत. मी तिला तेव्हाच म्हटलं होतं.

परक्या कोर्टवर हरलं की लोक पहिलं नाव अंपायरचं घेतात. मी घेणार नाही, दोघंही चांगले होते. पण ते कोर्ट मात्र त्यांचं होतं, अगदी सिमेंटच्या कणाकणापर्यंत. त्यांच्या मुली दर दोन मिनिटांनी बुटाचे तळवे ओल्या फडक्यावर पुसत होत्या. बेसलाइनला, म्हणजे रिंगमागच्या रेषेवर, फडकं टाकून ठेवलेलंच होतं. आमच्या मुली धुळीवरून घसरत होत्या. बोर्ड पत्र्याचा, बॉल लागला की धप्प करून जागच्या जागी मरतो. बोर्डवरून बास्केट घालायची सवय असलेल्या आमच्या पोरींचे निम्मे शॉट रिंगपर्यंत पोचलेच नाहीत. आणि ऊन! हाफनंतर बाजू बदलतात, तशी पश्चिमेची रिंग आमच्या वाट्याला आली. चौथ्या क्वार्टरला पावणेपाच वाजत आलेले, डिसेंबरचा सूर्य बरोब्बर रिंगच्या उंचीला. फ्री थ्रोला उभं राहिलं की रिंग दिसते तिथेच ऊन. अख्ख्या मॅचमध्ये १६ फ्री थ्रो मिळाले, त्यातले सात गेले. नऊ चुकले, आणि हरलो एकाने. उन्हाचं म्हणाल तर पहिल्या हाफमध्ये ती रिंग त्यांच्याकडे होती, पण तेव्हा सूर्य वर होता. मॅच साडेतीनला ठेवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही साडेतीनच ठेवले असते.

नेरुळहून ठाण्याची ट्रान्स हार्बर पकडली. तुर्भ्यापर्यंत कुणी बोललं नाही. कोपरखैरण्याला सेंटर एकदाच म्हणाली, “वेळेत होता गं तो शॉट.” मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. ऐरोली गेल्यावर बहिणीने घरी फोन करून सांगितलं, डाळ भिजवली असशील तर असू दे, उद्या आमटी करू. ठाण्याला उतरलो, पूल चढून वेस्टला आलो आणि कुणीही कुणाला न विचारता नौपाड्याच्या दिशेने चालायला लागलो.

काका गल्ल्यावर बसलेले होते. आम्हा चौघांचे चेहरे बघितले आणि एकच विचारलं, “कितीने?”

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या ठिकाणाची खरी गंमत यातच आहे. मिसळ तीन प्रकारची मिळते: साधी, मध्यम, झणझणीत. पहिल्या वर्षी आम्ही मार खाऊन आलो होतो, २६ पॉइंटने. सेंटरने झणझणीत मागितली तर काका म्हणाले, सव्वीसने हरलेल्या माणसाला साधीच पुरते, त्याला रात्री झोप लागते. तेव्हापासून हिशोब ठरून गेला. वीसच्या वर साधी. दहा-पंधराने मध्यम. पाचच्या आत असेल तर झणझणीत, कारण झोप तशीही लागणार नाही, मग निदान पोटाला तरी कारण असू दे.

“एकाने,” मी म्हटलं.

काकांनी आत ओरडून सांगितलं, “चार झणझणीत, आणि ताक आधी ने.”

आता मिसळीबद्दल. उसळ मटकीची, वर जाड शेव, पापडी आणि पातळ पोह्यांचा थोडा चिवडा. बटाट्याची भाजी तळाला असते, ती शोधून काढावी लागते. रस्सा वेगळ्या वाटीत येतो, लालभडक, वर बोटभर तेल. पहिल्या घासाला फक्त सुकं खोबरं आणि लसूण कळतो, तिखट नंतर घशात उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. मिरचीचं हे तिखट आहे, मिरपुडीचं नाही. नाकातून पाणी येतं, कान गरम होतात. लादीपाव ताजा, संध्याकाळीही मऊ. रस्सा पुन्हा मागितला की पैसे न लावता देतात, मात्र तिसऱ्यांदा मागितलात तर काका मान वर करून बघतात. संध्याकाळी मिसळ खायची नसते असं मानणाऱ्यांनी जाऊच नये.

परवा मला ती जगातली सगळ्यात चांगली मिसळ वाटली. सेंटर तर रडली. तिखटाने, असं तिचं म्हणणं.

या ठिकाणाचा दुसरा गुण म्हणजे इथे उठवत नाहीत. आम्ही पावणेदोन तास बसलो. त्यातला एक तास शेवटच्या सात सेकंदांवर गेला. मास्तरांनी टेबलावरच कोर्ट मांडलं. मिठाची डबी ही आपली रिंग. लिंबाची फोड म्हणजे आमची भाची. पावाचा तुकडा म्हणजे सेंटर (आताची, आमची नव्हे). कांद्याच्या चकत्या म्हणजे नेरुळच्या मुली, त्या पाच मावेनात म्हणून एक मास्तरांनी खाऊन टाकली.

झालं होतं असं. सात सेकंद राहिलेले, आम्ही एकाने पुढे, त्यांच्या मुलीला दोन फ्री थ्रो. चौथ्या क्वार्टरमध्ये आमचे चार टीम फाऊल कधीच भरले होते, त्यामुळे पुढचा प्रत्येक फाऊल म्हणजे त्यांना दोन शॉट. दोन्ही आत गेले. आता बॉल आमचा, पण आमच्याच बेसलाइनवरून. टाइमआउट शिल्लक असता तर शेवटच्या दोन मिनिटांत बॉल पुढच्या अर्ध्यातून टाकायला मागता येतो. पण शिल्लक नव्हता. दुसऱ्या हाफला तीनच मिळतात. एक कोचने तिसऱ्या क्वार्टरमध्ये घेतला, आम्ही नऊने पुढे असताना. दुसरा चौथ्याच्या सुरुवातीला, तिसरा पावणेदोन मिनिटं राहिली असताना.

“नऊने पुढे असताना टाइमआउट कोण घेतं?” सेंटर म्हणाली.

“मुली दमल्या होत्या,” मास्तर म्हणाले. “त्यांनी प्रेस लावला होता, कोर्टभर अंगावर येऊन अडवत होत्या, आठ सेकंदांत अर्धं कोर्ट पार होईना. मीही घेतला असता.”

“मास्तर, तुम्ही कोचची बाजू घेताय.”

“मी टाइमआउटची बाजू घेतोय.”

पॉइंट गार्ड पाच फाऊल होऊन बाहेर बसलेली, म्हणून बॉल आणायचं काम भाचीवर आलं. लिंबू डावीकडून निघालं. दोन कांदे अंगावर आले. लिंबाने बॉल पावाकडे दिला. पावाने वळायला, माझ्या मते, अर्धा सेकंद जास्त घेतला. शॉट सुटला, बोर्डला न लागता सरळ रिंगमध्ये गेला. आमच्या बाजूचे सगळे उभे राहिले. पण हूटर आधी वाजला होता, आणि अंपायरने दोन्ही हात हलवून बास्केट नाही म्हणून सांगितलं.

“बॉल हातातून सुटला होता,” सेंटर म्हणाली.

“सुटला नव्हता गं. मी टेबलाच्या मागेच उभा होतो.” चाळीस वर्षं ज्यांनी टेबलावर बसून हूटर दाबला, त्यांच्याशी काय वाद घालणार?

तेवढ्यात टेबल पुसणाऱ्या मुलाने येऊन आमची सेंटर, म्हणजे पावाचा तुकडा, उचलून ताटलीत टाकला. खेळ तिथेच थांबला.

पावणेसातला भाची आली. केस ओले, खांद्यावर बॅग, गुडघ्याला खरचटलेलं. बहीण उठून बाजूला सरकली. कुणी काही विचारलं नाही. काकांनी न सांगता पाचवी मिसळ पाठवली, साधी. मी म्हटलं, काका, एकाने ना? ते म्हणाले, “ते तुमच्यासाठी. ही खेळून आलीय.”

तिने टेबलावरचे कांदे आणि मिठाची डबी बघितली. आमच्या लक्षात यायच्या आत तिने ती लिंबाची फोड उचलून मिसळीवर पिळली. चार घास झाल्यावर मान खाली ठेवूनच म्हणाली, “उशीरच होता, मावशी. मीच डावीकडे गेले. उजवीकडे ती एकटी होती.” मग तिने दुसरी जोडी पाव मागितली. त्यावर सेंटरही काही बोलली नाही.

बिल: पाच मिसळ ९० प्रमाणे, जास्तीच्या पावाच्या चार जोड्या २० प्रमाणे, तीन ताक २५ प्रमाणे. ६०५ झाले, काकांनी ६०० घेतले. यूपीआय चालतं, पण आत रेंज येत नाही, मोबाइल घेऊन तुळशीपाशी उभं राहावं लागतं.

हा रिव्ह्यू मी त्याच रात्री लिहायला घेतला होता. पाच स्टार देऊन मोकळी होणार होते. मग वाटलं, हे काही खरं नाही. चार वर्षांत मी इथे एकदाही शांत डोक्याने जेवलेले नाही. जिंकलो की आम्ही स्टेशनबाहेर वडापाव खातो आणि नाचत घरी जातो. तेव्हा चवीची परीक्षा करायची तर साध्या दिवशी जायला हवं. म्हणून काल, बुधवारी, बँकेतून अर्धा तास आधी निघाले आणि एकटीच गेले. मुद्दाम मध्यम मागायचं ठरवलं होतं.

खरं सांगायचं तर मिसळ बरी आहे. रस्सा चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण मटकी थोडी कच्ची लागली, दाताखाली येत होती. शेव बाहेरून आणलेली असावी, दोन मिनिटांत लगदा झाली. तेल जास्त आहे. ताक पातळ, जिरं घालायला विसरले होते. पंख्याखालचं टेबल मिळालं नाही तर घामाघूम व्हाल, आणि बेसिनचा नळ सारखा ठिबकत असतो, हे मला चार वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. बुधवारच्या चवीला साडेतीन स्टार. परवाच्या चवीचं काय करायचं ते मला कळलेलं नाही, म्हणून मी स्टारचा रकाना मोकळाच सोडलाय.

सोमवारी बंद. सकाळी आठ ते रात्री आठ, रस्सा संपला की आधीही. पार्किंग विसरा, घंटाळीला गाडी लावून चालत या.

आणि काल आत शिरले तेव्हाचं राहिलं. काकांनी गल्ल्यावरून बघितलं, मी एकटी, हातात बँकेची पर्स. तरी विचारलंच, “कितीने?”

“आज मॅच नव्हती, काका.”

“मग आलात कशाला?” म्हणाले, आणि आत ओरडून एक साधी सांगितली.