सीमा ओलांडावी की पासपोर्ट फाडावा?

बेलारूसमध्ये २०२०च्या निवडणुकीनंतर राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोंच्या विरोधकांपुढे दोनच वाटा उरल्या: देश सोडणं किंवा देशातच राहून तुरुंगात जाणं. त्या निवडणुकीत लुकाशेंकोंविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्वियातलाना त्सिखानोउस्काया लिथुआनियात गेल्या; मुलं आधीच देशाबाहेर होती, नवरा तुरुंगात. बाहेरून जगभरच्या सरकारांशी बोलता आलं, पण २०२३मध्ये गैरहजेरीतच १५ वर्षांची शिक्षा झाली.

दुसऱ्या विरोधी नेत्या मारिया कालेस्निकावा यांना सप्टेंबर २०२०मध्ये देशाबाहेर काढण्यासाठी जबरदस्तीने युक्रेनच्या सीमेवर नेलं, तर त्यांनी पासपोर्टच फाडून टाकला. शिक्षा ११ वर्षांची. कैदेत असतानाच अल्सर फुटून शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे दीर्घकाळ घरच्यांना त्यांची खबरही नव्हती. धाडस म्हणून ही वाट मोठी, वादच नाही. तरी पहिलीला पळपुटेपणा म्हणणं मला पटत नाही. आत असलेल्यांची नावं जगापुढे घेत राहायला बाहेर कुणीतरी लागतंच.