टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर? मोटारसायकलीच्या वायरिंगमधला बिघाड शोधताना

हॉर्न गप्प झाला, इंडिकेटर एकाच बाजूचे लागू लागले किंवा सेल्फचे बटण दाबल्यावर नुसताच ‘टक’ असा आवाज आला, की गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यायची आणि बहुधा नवी बॅटरी बसवून परत यायचे, हा नागपुरातला नेहमीचा क्रम आहे. बिघाड खरोखर बॅटरीतच असेल तर प्रश्न मिटतो. तो चार्जिंगमध्ये किंवा एखाद्या गंजलेल्या कपलरमध्ये (दोन वायरी जोडणाऱ्या सॉकेटमध्ये) असेल, तर काही दिवसांनी नवी बॅटरीही तशीच उतरते. हा खर्च टाळण्यासाठी निदान स्वतः करून पाहावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासमोर प्रामुख्याने दोन साधने असतात. पहिले म्हणजे टेस्ट लॅम्प, अर्थात बारा व्होल्टचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन वायरी आणि एका टोकाला चिमटा. दुसरे डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स आकड्यांत दाखवणारा मीटर. टेस्ट लॅम्प घरी जवळजवळ फुकटात तयार होतो आणि साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, त्यामुळे निवड किमतीवरून करण्यात अर्थ नाही. आपल्या गाडीत कोणत्या जातीचा बिघाड वारंवार येतो, हे पाहून ती करावी.

नागपूरच्या हवेचा विचार इथे आधी करावा लागतो. मे महिन्यात आणि विशेषतः नवतपात, म्हणजे महिनाअखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटखाली त्याहूनही अधिक उष्णता साठते. लेड-ॲसिड बॅटरीचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ ठोकताळा आहे. जुन्या पद्धतीच्या बॅटरीत पाणी आटते, तिथे डिस्टिल्ड वॉटर घालता येते. सीलबंद बॅटरीत ती सोयही नाही. गंमत अशी की उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी त्या वेळी गाडी चालू करून देते आणि डिसेंबरच्या एखाद्या गार सकाळी अचानक हात वर करते, म्हणून दोष थंडीच्या माथी मारला जातो.

बॅटरी आणि चार्जिंग यांच्या बाबतीत टेस्ट लॅम्प जवळजवळ निरुपयोगी आहे. ११.९ व्होल्टवर बल्ब लागतो आणि १२.७ व्होल्टवरही लागतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, आणि सगळे निदान तर या फरकावरच अवलंबून असते. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या खुणेवर ठेवून, गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर प्रोब (मीटरच्या वायरींची धातूची टोके) लावावेत. १२.६ ते १२.८ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, आणि १२ च्या खाली म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी. त्यानंतर सेल्फ मारताना आकडा किती खाली जातो ते पाहावे. तो दहाच्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरी भरलेली दिसली तरी तिच्यात दम उरलेला नाही. शेवटी इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिरावला तर चार्जिंग ठीक आहे. तो तेराच्या खालीच रेंगाळला तर इंजिनात वीज तयार करणारी मॅग्नेट कॉइल, ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारा रेक्टिफायर किंवा त्यांच्यामधला कपलर यांपैकी कशात तरी दोष आहे, आणि पंधराच्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलेला असून तो बॅटरी अक्षरशः उकळत ठेवतो आहे. या तीन मोजमापांना पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि नव्या बॅटरीचा खर्च करण्याआधी ती न करणे मला तरी समजत नाही.

गाडी उभी असताना बॅटरी उतरत असेल, तर तिथेही मीटरच हवा. निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर अँपिअरच्या खुणेवर जोडला, की किल्ली बंद असताना किती करंट गळतो ते कळते. चार अँपिअर-अवरच्या बॅटरीतून ५० मिलिअँपिअर गळत असतील, तर ऐंशी तासांत ती रिकामी होईल, म्हणजे दिवाळीला चार दिवस गावी जाऊन आलेल्या माणसाला गाडी मेलेलीच सापडणार. एवढ्याशा करंटवर दहा वॅटचा बल्ब लुकलुकतही नाही. मात्र या जोडणीत चुकूनही सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज किंवा खुद्द मीटरच तत्क्षणी जाऊ शकतो. तसेच लाल प्रोब दहा अँपिअरच्या भोकात राहिला असताना व्होल्टेज मोजायला जाणे म्हणजे बॅटरी सरळ शॉर्ट करणे होय.

इथपर्यंत वाचून टेस्ट लॅम्प भंगारात टाकावा असे वाटेल, पण वायरिंगच्या बिघाडात पारडे फिरते. मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना वायरमधून नाममात्र करंट घेतो. समजा, हॉर्नच्या वायरीतील सगळ्या तारा हँडल जिथे वळते त्या नेकपाशी वळून वळून तुटल्या आहेत आणि त्यांची टोके एकमेकांना जेमतेम टेकलेली आहेत, किंवा कपलरच्या पिनेवर हिरवा गंज चढला आहे. मीटर तिथे १२.४ व्होल्ट दाखवतो, मालक समजतो की करंट येतो आहे, आणि बिचारा चांगला हॉर्न बदलला जातो. त्याच जागी दहा वॅटचा टेस्ट लॅम्प लावला, तर तो वायरकडून जवळजवळ एक अँपिअर मागतो. तो कच्चा जोड किंवा तो गंज तेवढा करंट देऊ शकत नाही, बल्ब पिवळट मिणमिणतो आणि दोष उघडा पडतो. मीटरनेही हे पकडता येते, पण त्यासाठी हॉर्न जोडलेला ठेवून, बटण दाबलेले असताना त्याच्या टोकांवर मोजावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट नवशिका करत नाही.

पावसाळ्यात वारंवार फ्यूज उडत असेल, तेव्हा तर लॅम्पला तोड नाही. जळालेला फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांमध्ये टेस्ट लॅम्प जोडावा. शॉर्ट असेल तर किल्ली चालू करताच बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, पण करंट त्याच्यापुरताच मर्यादित राहत असल्यामुळे ना वायर तापते ना नवे फ्यूज वाया जातात. (हेडलाइट, ब्रेक लाइट वगैरेंचे कपलर आधी सोडवून ठेवावेत, नाहीतर त्यांच्यामुळेही बल्ब थोडा लागतो आणि फसगत होते.) आता एकेक कपलर सोडवत, हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत पुढे जावे. टाकीखालची पट्टी, नेक, मागच्या मडगार्डजवळ टेललाइटला जाणारी वायर, उंदराने कुरतडलेली एखादी जागा, यांपैकी जिथे हात लागताच बल्ब विझतो तिथे बिघाड आहे. दोन्ही हात कामात असताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून बल्ब दिसत राहतो. मीटरचा आकडा वाचायला दर वेळी मान वळवावी लागते.

लॅम्पचा आणखी एक फायदा जुन्या गाड्यांवर दिसतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक जुन्या मोटारसायकलींत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेट कॉइलच्या एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या, करंटवर चालतो, म्हणून इंजिन बंद असताना तो लागतच नाही. डीसीच्या खुणेवर ठेवलेला मीटर अशा वायरीवर जवळजवळ शून्य दाखवतो आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो. बल्बला एसी-डीसीचे सोयरसुतक नाही.

नव्या गाड्यांवर मात्र लॅम्प जपून वापरावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन व ते सांभाळणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, आले. थ्रॉटल किंवा तापमानाच्या सेन्सरला ईसीयूकडून पाच व्होल्टचा नाजूक पुरवठा मिळतो. त्या वायरीवर दहा वॅटचा बल्ब लावला तर ईसीयूचा तो भागच जळू शकतो, आणि त्याची किंमत बॅटरीच्या कित्येक पट असते. सेन्सरच्या वायरीवर फक्त मीटर लावावा. इंजिन चेकचा दिवा सतत पेटलेला असेल, तर दोन्ही साधने बाजूला ठेवून स्कॅनर असलेल्या ठिकाणी कोड वाचून घेणे स्वस्त पडते. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, तिला कोणत्याही गाडीवर दोन्हींपैकी काहीच लावू नये.

मीटर घेताना अतिस्वस्त मीटरची एक खोड ध्यानात ठेवावी. त्याच्या आतली नऊ व्होल्टची बॅटरी उतरू लागली की तो प्रत्यक्षापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतो, म्हणजे मरणपंथाला लागलेली बॅटरी ठणठणीत ठरते. आकड्याबद्दल शंका आली, तर भिंतीवरच्या घड्याळाचा नवा सेल मोजून पाहावा. तो दीड व्होल्टच्या थोडा वर यायला हवा. मॅग्नेट कॉइलचा रेझिस्टन्स बहुधा एक ओहमच्या आसपास किंवा त्याच्याही आत असतो, म्हणून तो मोजण्याआधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा, अन्यथा प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स कॉइलच्या नावावर जमा होतो.

तेव्हा एकच साधन घ्यायचे असेल आणि गाडी रोज हिंगणा एमआयडीसीपर्यंत जाऊन दिवसभर उघड्या पार्किंगमध्ये तापत असेल, तर माझे मत निःसंशय मल्टिमीटरच्या बाजूचे आहे, कारण इथल्या उन्हात पहिला बळी बॅटरीचा जातो आणि तिच्याविषयी लॅम्प काहीच सांगत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला तर पर्यायच नाही. गाडी जुनी, किकवर चालू होणारी, आणि तक्रार कायम दिवे, हॉर्न व फ्यूज यांचीच असेल, तर टेस्ट लॅम्पने काम भागते आणि ते बहुधा लवकरही होते. मीटर घेतलेल्यानेही इंडिकेटरचा जुना होल्डर फेकून देण्याआधी त्याला दोन वायरी जोडून ठेवाव्यात. बल्ब दहा वॅटचा साधा फिलामेंटचाच असावा. एलईडी अगदी थोड्या करंटवर पेटतो, त्यामुळे गंजलेली पिन त्यालाही चांगलीच वाटते.