पंधरा बिटांचा सेट, आठ महिन्यांनी: आधी बेअरिंग बघा

आठ महिन्यांपूर्वी राउटरच्या, म्हणजे लाकडाच्या कडा कापायच्या यंत्राच्या, पंधरा बिटांचा (फिरत्या पात्यांचा) सेट घेतला होता. गेल्या रविवारी त्यातल्याच एका बिटने सागाच्या फळीची कड टेम्प्लेटवरून, म्हणजे साच्यावरून, काढत होतो. शेवटची वीतभर राहिली असताना राउटरचा आवाज बदलला आणि करपल्याचा वास आला. बंद करून बघतो तर एमडीएफच्या (दाबलेल्या भुशाच्या फळीच्या) टेम्प्लेटला काळी खाच, आणि तीच खाच जशीच्या तशी फळीवर उतरलेली. फ्लश ट्रिम बिटचं, म्हणजे फळी टेम्प्लेटबरहुकूम कापणाऱ्या बिटचं, बेअरिंग जाम झालं होतं. जाम बेअरिंग बिटबरोबरच गरगरतं. टेम्प्लेटला नुसतं टेकून चालायचं सोडून मिनिटाला वीसेक हजार फेऱ्यांनी त्याला घासत राहतं. दोन दिवसांची मेहनत त्या वीतभरात गेली.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, बेअरिंग हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. अहो, या बिटमध्ये माप बेअरिंगच ठरवतं! ते वगळून वॉरंटी देता कशाची? मी तेव्हाच सेटला पाचपैकी एक तारा देणार होतो.

मग अ‍ॅलन कीने स्क्रू काढून बेअरिंग हातात घेतलं. आतून ठणठणीत कोरडं, ग्रीसचा मागमूस नाही. तेव्हा लक्षात आलं, राळ साचली की मी बिट बेअरिंगसकट रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचो. ग्रीस मीच धुऊन काढलं होतं. म्हणून राग निम्मा मागे घेतो. निम्माच, कारण सोबतच्या कागदावर ‘बेअरिंग काढून धुवा’ एवढी एक ओळही नव्हती आणि जादा बेअरिंगही दिलेलं नव्हतं.

नवीन बेअरिंग आणताना व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) जवळ ठेवा. माझ्या बिटच्या कापणाऱ्या भागाचा व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. बेअरिंगचा बाहेरचा व्यासही तेवढाच हवा. १२ मिमीचं बसवलं तर बिट टेम्प्लेटपेक्षा ०.३५ मिमी आत कापतं, १३ चं बसवलं तर ०.१५ मिमी कड शिल्लक राहते. डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की लगेच लागतं. आणि बेअरिंग दोन्ही बाजूंनी झाकलेलंच घ्या, उघड्यात भुसा शिरतो.

कार्बाइडबद्दलचं, म्हणजे बिटच्या धारेला लावलेल्या कठीण तुकड्यांबद्दलचं, मत मात्र सुधारलं. लाकूड करपायला लागल्यावर मी धार गेली असं धरून चाललो होतो. पात्यामागची राळ ब्रशने घासून काढली, तर तेच बिट पुन्हा स्वच्छ कापायला लागलं. प्लायच्या डिंकाने साध्या हायस्पीड स्टीलची धार बघता बघता जाते. इथे आठ महिने टिकली, हे कबूल करायला हवं.

सेटमधल्या राउंडओव्हरला (कड गोल करणाऱ्या बिटला) मात्र माफी नाही. उजेडात तिरकं धरलं की कार्बाइडच्या तुकड्याखाली, ब्रेझिंगमध्ये (तुकडा बिटला जोडणाऱ्या धातूच्या थरात) केसाएवढी काळी फट दिसते. जोड सलग भरलेला हवा. एवढ्या वेगात तो तुकडा उडाला तर कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून ते बिट मी कोलेटमध्ये, म्हणजे राउटरच्या पकडीत, घालत नाही. घरी आल्याआल्या प्रत्येक बिट असं बघून घ्या, परत करायची मुदत असते तोवर.

आणि हिशेब बघा. पंधरातली मी वापरली चार. अकरा बिटांचे पैसे डबीत पडून आहेत.

आता पाव इंचाऐवजी अर्धा इंच शँकचं (राउटरच्या पकडीत जाणाऱ्या दांड्याचं) एकच फ्लश ट्रिम घेतलंय. शँक दुप्पट जाड झाली की वाकायला सोळापट कठीण होते. आधी शँक वाकून कडेवर बारीक लाटा उठायच्या, त्या पहिल्याच फळीवर गेल्या. कार्बाइडही जाड आहे, त्यामुळे डायमंड पट्टीवर पुन्हा पुन्हा धार लावता येईल. फक्त सपाट बाजूने हं, बाहेरून घासलं की व्यास कमी होतो आणि बेअरिंगशी माप जुळत नाही.

जुन्या बिटला १२.७ चं झाकलेलं बेअरिंग बसवलंय, तसंच आणखी एक डबीत ठेवलंय. करपलेली कड दोन मिमी आत घेऊन काढली. फळी अरुंद झाली, पण वाचली.