‘टाकीच्या मापानेच वाढतात’ असे सांगून विकलेले मासे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या हट्टाखातर मी पुण्यातील एका दुकानातून दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी घेतली. अशी टाकी काठोकाठ भरली तरी तीत ५६ लिटरच पाणी मावते. दुकानदाराने टाकी, पंप, दिवा आणि अकरा मासे असा ‘पूर्ण सेट’ ४,८०० रुपयांना दिला आणि पाणी भरून त्याच संध्याकाळी मासे सोडायला सांगितले. दोन ‘शार्क’, दोन एंजल, चार टायगर बार्ब आणि तीन रंगीत काचमासे एकत्र राहतील का, असे मी स्पष्ट विचारले होते. त्यावर त्याचे उत्तर होते, “बिनधास्त न्या साहेब, सगळे टाकीच्या मापानेच वाढतात.”

ज्याला तो शार्क म्हणत होता, तो मुळात शार्क नव्हेच. तो आग्नेय आशियातील मेकाँग नदीचा पंगास, म्हणजे आपल्याकडील हॉटेलांत ज्याचे काप ‘बासा’ म्हणून ताटात येतात, तोच मासा. नदीत तो मीटरभराहून अधिक लांब होतो. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, कारण ते पिल्लू असते. चार महिन्यांत आमचा एक पंगास वीतभर झाला आणि दिवा लावताच घाबरून काचेवर धडका घेऊ लागला. टाकी लहान म्हणून मासा लहान राहत नाही, तो त्या पाण्यात खंगतो. तरी ‘टाकीच्या मापाने वाढतात’ हे असत्य बाजारात टिकून आहे, कारण बहुतेक घरांत ते उघडे पडण्याआधीच मासा मरतो आणि गिऱ्हाईक दोष स्वतःकडे घेते.

टायगर बार्ब हा चपळ आणि खोडकर मासा असून लांब पर असलेल्या संथ माशांचे पर कुरतडणे ही त्याची ख्याती आहे; मोठ्या थव्यात ते आपापसांत गुंततात, चारच असले तर इतरांच्या मागे लागतात. एंजलचे झालरीसारखे पर पंधरवड्यात दोऱ्यांसारखे झाले.

सर्वांत चीड आणणारा प्रकार काचमाशांचा. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रेघांचे हे मासे मुलीने स्वतः निवडले होते. हा आपल्याच देशातील पारदर्शक मासा आहे आणि त्याच्या अंगावरचे ते रंग सुईने टोचून भरलेले असतात. काही आठवड्यांत रंग फिके पडले, एकाच्या अंगावर पांढऱ्या गाठी आल्या.

पहिल्या आठवड्यात चार मासे गेले, तेव्हा ‘मेला तर बदलून देऊ’ हे वचन त्याने पाळले. मात्र प्रत्येक खेपेस निळ्या औषधाची किंवा थेंबांची एखादी बाटली माझ्या हाती दिली. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, हे मला नंतर वाचून कळले. बदली मासे त्याच विषारी पाण्यात जात होते. औषधांवर माझे आणखी ९०० रुपये गेले.

तक्रार करायला गेलो तेव्हा पावती पाहिली. तीवर ‘फिश ११ नग’ एवढेच होते. जातींची नावे आणि पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी लिहून द्या म्हटल्यावर तो हसून म्हणाला, “माशाचं काय आधारकार्ड असतं का, साहेब?” ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सांगण्यासारखे माझ्या हाती काहीच नव्हते. आता मासे घेताना मी आधी नाव लिहून घेतो, घरी येऊन त्याची वाढ, स्वभाव आणि पाण्याची गरज तपासतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी देतो.

जिवंत राहिलेला पंगास मोठे सिमेंटचे हौद असलेल्या एका परिचितांकडे दिला. आमच्या सोसायटीचे बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे, ते गप्पींना मानवते. म्हणून टाकीत सध्या सहा नर गप्पी आहेत, मादी एकही नाही.