कोबोटूलबॉक्स: सार्वजनिक आरोग्यातल्या पीएच.डी.च्या फील्डवर्कला कितपत पुरतं?

सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करणाऱ्यापुढे डेटा गोळा करायचे नेहमीचे तीन मार्ग असतात: कागदी प्रश्नावली, किंवा फोन-संगणकावर माहिती भरायची दोन सॉफ्टवेअरं: रेडकॅप आणि कोबोटूलबॉक्स, म्हणजेच कोबो. रेडकॅप व्हँडरबिल्ट विद्यापीठात 2004 साली तयार झालं. ते संस्थेनं घ्यावं लागतं, एकट्या विद्यार्थ्याच्या नावावर मिळत नाही. कोबोचा जन्म हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधला आणि पाया ओडीके या मुक्तस्रोत सर्वेक्षण-साधनाचा. खातं उघडलं की तासाभरात पहिला फॉर्म फोनवर उतरतो, नेटवर्क नसलं तरी भरता येतो. एकाच फेरीचं सर्वेक्षण असेल तर डोळे मिटून घ्यावं असं साधन आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: फॉर्म बनवताना केलेली चूक कोबो निमूटपणे साठवत राहतं आणि ती कळते ती थेट विश्लेषणाला बसल्यावर.

फॉर्म बनवायचे दोन रस्ते आहेत. ब्राउझरमधला फॉर्म बिल्डर दिसायला छान आहे, पण तीस-चाळीस प्रश्नांपलीकडे तो दमवतो. पीएच.डी.ची प्रश्नावली एक्सेलमध्येच, म्हणजे एक्सएलएसफॉर्म पद्धतीनं लिहावी. सर्व्हे, चॉइसेस आणि सेटिंग्ज या तीन शीट्स, आणि दर ओळीला एक प्रश्न. गाइड किंवा एथिक्स कमिटीनं बदल सुचवला की कुठे काय बदललं ते दिसतं, आणि दोन भाषांतले प्रश्न शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात. चलांची (व्हेरिएबल्सची) नावं प्रश्नक्रमांकावरून देऊ नयेत. पायलटनंतर मध्ये एक प्रश्न घुसतो आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. नाव अर्थावरून द्यावं आणि मग त्याला हात लावू नये.

कोबोची खरी ताकद कन्स्ट्रेंटमध्ये, म्हणजे उत्तरावर घातलेल्या अटीत आहे, आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच होतात. लहान मुलांचा दंडघेर घ्या. 6 ते 59 महिन्यांच्या मुलात 115 मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, 115 ते 125 च्या आत म्हणजे मध्यम. एक मुलाखतकार 11.4 लिहितो, दुसरा 114. प्रश्नाच्या मजकुरात एकक लिहून भागत नाही, कारण दुपारनंतर मजकूर कुणी वाचत नाही. फक्त पूर्णांक स्वीकारा आणि 70 ते 250 ची मर्यादा घाला, म्हणजे सेंटिमीटर आपोआप अडतात. पण ही मर्यादा आणखी आवळायचा मोह टाळा. फॉर्म पुढेच जाऊ देत नाही म्हटल्यावर मुलाखतकार मर्यादेत बसेल असा आकडा टाकून मोकळा होतो, आणि खोटा आकडा खऱ्यासारखा दिसतो. त्यापेक्षा 90 च्या खाली किंवा 200 च्या वर गेलं तर ‘पुन्हा मोजा’ अशी सूचना आणि दुसऱ्या मोजणीचा रकाना उघडेल असं रेलेव्हंट, म्हणजे प्रश्न कधी दिसावा याची अट लिहा. दोन्ही मोजण्या जपा, पहिली पुसू नका.

वयाचंही तसंच. ‘मूल किती महिन्यांचं?’ असं विचारलं की 12, 24, 36 या आकड्यांवर ढीग जमतो. जन्मतारीख आणि मुलाखतीची तारीख घ्यावी, दिवसांना 30.4375 नं भागून महिने कोबोलाच काढू द्यावेत. त्यावरूनच उंची कशी मोजायची ते ठरतं: 24 महिन्यांच्या आत झोपवून, पुढे उभं करून. मूल रडलं, उभं राहिलं नाही, की नियम मोडतोच. म्हणून ‘कसं मोजलं?’ हा वेगळा प्रश्न हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांत या दोन पद्धतींतला फरक 0.7 सेंटिमीटर धरला आहे. पद्धत नोंदलेली असेल तर दुरुस्ती करता येते, नसेल तर नाही.

रक्तदाबासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टेप्स पद्धतीप्रमाणे तीन वाचनं घेऊन दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी धरतात. कोबोत ती जागच्या जागी काढता येते, पण एक वाचन राहिलं तर गणिताचं उत्तर ‘एनएएन’ येतं, म्हणजे संख्याच नाही. त्यावर बेतलेला पुढचा रेफरलचा (दवाखान्यात पाठवायचा) प्रश्न मग उघडतच नाही. सूत्रात रिकाम्या उत्तराची सोय आधीच करावी.

रिकाम्या रकान्यांचा विषय निघालाच आहे तर: लागू नसल्यामुळे वगळलेला प्रश्न आणि मुलाखतकारानं विसरून सोडलेला प्रश्न एक्सपोर्टमध्ये सारखेच दिसतात, दोन्ही कोरे. म्हणून महत्त्वाचा प्रत्येक प्रश्न सक्तीचा करावा आणि ‘माहीत नाही’, ‘उत्तर दिलं नाही’ यांना स्वतंत्र कोड द्यावेत. ते 98 आणि 99 नसावेत, निदान आकडी प्रश्नांत तरी. वयाच्या सरासरीत मिसळलेले 99 शोधताना जीव जातो.

कुटुंबातल्या प्रत्येक सदस्यासाठी रिपीट ग्रुप (तेच प्रश्न पुन्हा विचारणारा गट) वापरला की एक्सपोर्टमध्ये सदस्यांची वेगळी शीट येते. ती घराच्या शीटला जोडायला पॅरेंट इंडेक्स दिलेला असतो, आणि बहुतेक जण त्यावरच विसंबतात. पण इंडेक्स हा त्या एक्सपोर्टमधला ओळक्रमांक आहे. मध्ये एखादी नोंद काढली आणि पुन्हा एक्सपोर्ट घेतला की क्रमांक सरकतात, आणि जुन्या-नव्या फायली एकत्र केल्यात तर एका घरची सासू दुसऱ्या घरात जाऊन बसते. सबमिशनचा कायमचा ओळखक्रमांक धरूनच जोडावं.

फील्डवर्क सुरू झाल्यावर फॉर्ममध्ये बदल करायचा असेल तर तो नुसता सेव्ह करून चालत नाही. रीडिप्लॉय करावा, म्हणजे नवी आवृत्ती पुन्हा चालू करावी लागते आणि प्रत्येक फोनवर नवा फॉर्म उतरवावा लागतो. एक फोन राहिला तर जुन्या आवृत्तीच्या नोंदी येत राहतात. चलाचं नाव बदललं असेल तर तोच प्रश्न दोन रकान्यांत विभागतो. पर्यायाचा मजकूर सुधारला तर चालतं, कोड मात्र कधीच बदलू नये. न पाठवलेले फॉर्म फोनमध्ये असताना अ‍ॅप काढलं किंवा त्याचा डेटा पुसला तर ते गेले. परत मिळत नाहीत.

ऑडिट ही सोय फार थोडे वापरतात आणि तीच सर्वांत मोलाची आहे. सर्व्हे शीटमध्ये एक ओळ टाकली की कोणत्या प्रश्नावर किती वेळ गेला याची नोंद प्रत्येक मुलाखतीसोबत येते. चाळीस मिनिटांची मुलाखत सहा मिनिटांत उरकली असेल तर लपत नाही. मात्र वेळ फोनच्या घड्याळावरून घेतली जाते, तेव्हा सकाळी निघताना सगळ्यांची घड्याळं पाहावीत. आणि नोंदी रोज संध्याकाळी पाहाव्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या घरी परत जाता येतं.

गोपनीयतेत कोबो तुमच्यावर बरंच सोडतं. लॉगिनशिवाय नोंदी स्वीकारायची सेटिंग चालू राहिली तर लिंक मिळालेला कुणीही फॉर्म भरू शकतो. घराचं जीपीएस घेतलं तर नाव न लिहिताही घर ओळखता येतं. डीएचएस या लोकसंख्या आणि आरोग्याच्या सर्वेक्षणांत समूहांची ठिकाणं मुद्दाम सरकवून देतात, शहरात 2 किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण भागात बहुतेकदा 5. अचूक ठिकाण विश्लेषणाला लागणार नसेल तर प्रश्नच काढून टाका. एन्क्रिप्शनही आहे, पण मग सर्व्हरवर नोंदी वाचता येत नाहीत, रोजची तपासणी अवघड होते, आणि खासगी की हरवली तर थीसिसच हरवला.

एक्सपोर्ट घेताना लेबलं नकोत, एक्सएमएल मूल्यं, म्हणजे चलांची नावं आणि कोड घ्यावेत. लेबलातली वेलांटी सुधारली तरी विश्लेषणाचा कोड कोसळतो. सीएसव्हीत स्वल्पविराम नसून अर्धविराम असतो, आणि ती एक्सेलमध्ये सरळ उघडली की देवनागरीची रांगोळी होऊ शकते. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरची लेबलं वेगळी उतरवता येतात, तो भाग नीट जमला आहे.

त्याच माणसांना वर्षभर पुन्हा पुन्हा भेटायचं असेल, म्हणजे कोहोर्ट असेल, तर मात्र रेडकॅपसाठी विभागाकडे खेटे घालावेत. कोबोत मागच्या फेरीची माहिती सीएसव्ही जोडून ओढता येते आणि दोन फेऱ्या तशा निभावतात. तिसऱ्या फेरीपासून कोण आलं, कोण गळालं याचा हिशेब एक्सेलमध्ये हातानं ठेवायची वेळ येते. तरीही कोबोच वापरायचं ठरलं तर सहभागींचे क्रमांक टाइप करू देऊ नका. कार्डावर बारकोड छापून तो स्कॅन करायचा प्रश्न फॉर्ममध्ये घाला.